बनसोडे सर आणि आंघोळीचं पाणी

बनसोडे सरांना पाणी दिलं की ते आधी त्याचा वास घ्यायचे. बारसं असो, वास्तुशांत असो, नाहीतर कुणाच्या मयताला गेलेले असोत, पेला नाकाशी न्यायचा, डोळे किलकिले करायचे, 'आज जास्त पडलाय' असं काहीतरी पुटपुटायचं आणि मग एक घोट घ्यायचा. पहिल्यांदा ते आमच्या घरी आले तेव्हा मला वाटलं, हा माणूस आमच्या पाण्याला नावं ठेवतोय. मी तसं तोंडावर विचारलंही. मनात ठेवून झुरत बसायचा माझा स्वभाव नाही. तर ते ओशाळून म्हणाले, "नाही हो ताई, क्लोरिन बघत होतो."

त्यात आणखी एक गोष्ट होती. त्या दिवशी आमच्या सासूबाईंनी त्यांना पाणी काचेच्या ग्लासातून दिलं होतं. घरात बाकी सगळे स्टीलचे पेले. तो एक ग्लास फळीवर वेगळा असायचा आणि कुणासाठी असायचा ते सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनाही कळलं असणारच, त्यांच्या वडिलांनी गावी, बावड्यात, ओंजळीनं पाणी प्यायलेलं. पण सर तो ग्लास हातात धरून क्लोरिनबद्दल इतक्या मनापासून बोलायला लागले, की सासूबाईच गोंधळल्या. पुढच्या खेपेला त्यांनी आपणहून स्टीलचा पेला काढला. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि नवल म्हणजे मीही विचारलं नाही.

सर आमच्या शेजारी राहायला आले ते नव्वद सालच्या आसपास. बारामतीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी काटेवाडीच्या शाळेत शिक्षिका होते, लुनावरून जायचे. उंच, काटकुळे, चालताना मान जरा पुढं काढणारे सर रोज सकाळी फाटकात भेटायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक काचेची नळी आणि औषधाची चिमुकली बाटली. त्या बाटलीतले थेंब पाण्यात टाकले की पाणी पिवळं व्हायचं, क्लोरिन जितका जास्त तितकं पिवळं. लोक पाहुण्यांना लग्नाचा अल्बम दाखवतात, सर पिवळं पाणी दाखवायचे. कुठल्याही वादात त्यांचं म्हणणं एकच, "आधी बघू, मग बोलू." सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेच, भाजीवाल्याशी हेच आणि बायकोशीही हेच.

बायको म्हणजे सुमन. इंदापूरकडच्या खेड्यातली, हसरी, कामाला वाघ. पण बारामतीत आल्यापासून तिच्या अंगाला खाज सुटायची. कोपराच्या आत, गुडघ्यामागं, बोटांच्या बेचक्यात कातडी लाल व्हायची, मग तडकायची. भांडी घासताना ती ओठ दाबून घासायची. माहेरी विहिरीचं पाणी. तिथं थोडे दिवस राहून आली की जरा बरी असायची. एवढ्यावरून सरांनी निदान करून टाकलं. कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं होतं, त्यानं उतारही पडायचा, पण मलम म्हणजे नुसतं झाकणं, असं सरांचं मत. दुखणं पाण्यातून आलंय तर उपाय पाण्यावर झाला पाहिजे.

"क्लोरिन म्हणजे लग्नातला आचारी," ते म्हणायचे. "तिकडं मोठ्या टाकीवर त्यानं जंतू मारले, त्याचं काम झालं. आता त्यानं आपल्या घरी जावं. तो आमच्या मोरीत येऊन बसतो, हे काही बरोबर नाही."

त्यांच्या आईला मात्र तोच वास आवडायचा. नानी म्हणायचे सगळे तिला. बावड्याहून येऊन-जाऊन असायची. नळ आला की पहिली कळशी भरायचा मान तिचा. एकदा फाटकाशी उभी राहून मला म्हणाली, "बाई, ह्या पाण्याला दवाखान्यावानी वास येतो बघा. म्हंजी आमच्यासाठी बी कुणीतरी त्यात औषध घातलंया. आमच्या लहानपणी पाणी वाढायचं ते बी वरनं, हात लांब करून." सर दारातच उभे होते. ते हसून म्हणाले, "नानी, त्याच औषधानं तुझ्या सुनेची कातडी जाते." नानी म्हणाली, "मग तिला खोबरेल लाव की."

सरांनी खोबरेल लावलं नाही. त्यांनी प्रयोग सुरू केले.

सुरुवात साधी होती. घरातली पातेली, परात, घमेली पाण्यानं भरून गच्चीवर उन्हात ठेवायची. क्लोरिन उडून जायचा खरा, पण त्यात चिमण्या पंख झाडून जायच्या आणि सुमनला भाताला पातेलं मिळायचं नाही. मग क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आल्या, चघळायच्या, संत्र्याच्या वासाच्या. गोळी कुटून बादलीत टाकली की क्लोरिन तिथल्या तिथं मरायचा, नळीतलं पाणी पिवळं होतच नसे. सर खूश. पण त्या गोळ्यांत साखर होती, आणि आठवड्याच्या आत मोरीत मुंग्यांनी वारूळ घालायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्यानंतर सरांच्या अमेरिकेतल्या वर्गमित्रानं सुट्टीवर येताना एक चकचकीत शॉवर फिल्टर आणला. आत तांब्या-जस्ताचे सोनेरी कण. सरांनी तो उघडून आम्हाला समजावून सांगितला. कोळसा क्लोरिनला धरून ठेवतो, पण पाणी गरम असलं की त्याची पकड ढिली पडते. हे कण त्याला धरत बसत नाहीत, त्याचं रूपच पालटून टाकतात, मिठात असतो तसा तो निरुपद्रवी होतो, आणि गरम पाण्यातही होतो. ऐकायला फार छान होतं. फक्त शॉवर आमच्या सोसायटीत कुणाकडंच नव्हता. बादली, तांब्या आणि बसायला पाट, एवढीच आमची न्हाणीघरं. सरांनी भिंत फोडून पाईप घातला. आम्ही बायका बघायला गेलो. नानी म्हणाली, "उभ्यानं म्हशीला धुत्यात, माणसाला न्हाय." सरांनी कॉक फिरवला. गच्चीवरची टाकी ती केवढी आणि तिचा दाब तो केवढा. अमेरिकेच्या त्या तोटीतून पाणी आलं ते आटत आलेल्या शेळीच्या धारेसारखं. आम्ही हसलो. सुमन सगळ्यांत जास्त हसली, सर मात्र हसले नाहीत. ते वर बघून विचार करत होते.

शेवटी ते कोळशावर आले. नारळाच्या करवंटीचा कोळसा सगळ्यांत चांगला, म्हणून त्यांनी सोसायटीत प्रत्येकाला करवंट्या टाकू नका म्हणून सांगून ठेवलं. पोरं त्यांना करवंटी सर म्हणायला लागली. घरामागं पत्र्याच्या डब्यात कोंडून ते करवंट्या जाळायचे, आणि वाळत घातलेल्या आमच्या चादरींवर काजळी बसायची. मी दोनदा भांडले. दोन्ही वेळा त्यांनी ऐकून घेतलं, माफी मागितली आणि जाता जाता आमच्याकडच्या करवंट्या घेऊन गेले.

या सगळ्याची परीक्षा सुमनच्या हातांवर चालायची. एक घमेलं नळाच्या पाण्याचं, एक कोळशातून गाळलेल्या पाण्याचं. डावा हात इकडं, उजवा तिकडं. नंतर कोळसा आणि अमेरिकन कण यांची जुंपायची. ती पाटावर बसायची, सर समोर उकिडवे, आणि दर वेळी तोच प्रश्न, कुठल्या हाताला कमी आहे. सुमन सांगायची, उजव्या. सर घमेल्यांची अदलाबदल करायचे. सुमन कोळशाचं पाणी नेमकं ओळखायची, कारण त्याला कसलाच वास नसायचा, ना क्लोरिनचा ना तांब्याचा, आणि त्याच हाताला कमी आहे म्हणून सांगायची.

हे मला तिनंच सांगितलं. सर कॉलेजला गेलेले, मी विरजण मागायला गेले होते. ती दाराच्या कडेवर मनगट घासत होती, रक्त येईल इतकं. मी हात धरला तेव्हा म्हणाली, "ताई, खरं सांगू का? कशानंच कायबी फरक पडत न्हाय. ना कोळशानं, ना त्या अमेरिकेच्या नळानं. पण मी पडतो म्हणते. 'कमी हाय' म्हणल्यावर त्यांचं तोंड तुमी बघितलं न्हाय कधी. एवढा शिकलेला माणूस, पर पोरावानी हसतो. खाज काय, ती तर हायेच."

मी तिला झापलं. म्हटलं, तो माणूस त्यावर रात्रंदिवस राबतोय आणि तू त्याला खोटं सांगतेस. ती म्हणाली, "त्यात कुणाचं काय वाईट होतंय?" आणि सरांना सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. कुणाचंच वाईट होत नव्हतं तेव्हा.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सुमनला दिवस राहिले. नानीनं सोसायटीत पेढे वाटले, आमच्या सासूबाईंनी डोहाळजेवणाला हिरवी साडी घेतली. पण या दिवसांत मलम नको, गोळ्याही नकोत, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि खाज दुपटीनं उसळली. पोटावर, मांड्यांवर. ती रडायची ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय. सर वेड्यासारखे झाले. मलम बंद म्हटल्यावर त्यांच्या हातात आता पाणीच उरलं होतं, आणि त्यातला कोळसा 'गुणकारी' ठरलेला होता. त्यांनी ठरवलं की हिच्या अंगाला क्लोरिनचा थेंब लागू द्यायचा नाही. ना आंघोळीला, ना भांड्यांना, ना कपड्यांना.

आमच्याकडं सकाळी तासभर नळ यायचा. पाणी ज्याच्या त्याच्या अंगणातल्या, जमिनीखालच्या हौदात पडायचं आणि तिथून मोटरनं गच्चीवर चढायचं. शॉवरला दाब नव्हता, पण हौदात पडणाऱ्या नळाला चांगला होता. सरांनी पिंपळीच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडून ठिबकच्या फिल्टरची जुनी टाकी आणली, ती करवंटीच्या कोळशानं भरली आणि हौदाच्या तोंडावर बसवली. आता घरात येणारं सगळंच पाणी बिनवासाचं झालं. हौदातलं पाणी नळीत घेऊन त्यांनी मला दाखवलं. थेंब टाकले तरी ते तसंच राहिलं, स्वच्छ. "आचारी गेला, ताई," ते म्हणाले. त्यांचा इतका आनंदी चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही.

पिण्याचं पाणी आम्ही सगळेच वेगळं भरायचो, थेट नळावरून, फडकं लावून. पण त्या उन्हाळ्यात कालव्याचं आवर्तन लांबलं, पाणी उशिरा सुटलं आणि नळ एक दिवसाआड यायला लागला. वाकून कळश्या उचलणं सुमनला जमत नव्हतं. सर म्हणाले, वेगळं भरायची गरजच काय, हौदातलं पाणी आता सगळ्यांत शुद्ध आहे, तेच पिऊ. नानीला ते गोड लागेना. "ह्या पाण्याला चवच न्हाय," म्हणाली, आणि बाळंतपणाच्या आधी परत येते म्हणून बावड्याला गेली.

सातव्या महिन्यात सुमनचं जेवण सुटलं. पोटुशी बाईला होतंच असं, आम्ही बायकांनीच तिला समजावलं. सरांनाही त्या दिवसांत कणकण होती, ती आपोआप उतरली. मग एका सकाळी सुमन फाटकात उभी होती आणि उन्हात तिचे डोळे मला पिवळे दिसले. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून लगेच पुण्याला न्यायला सांगितलं. साधी कावीळ असते, पण गरोदर बाईला ती साधी राहत नाही, असं ते सरांना बाजूला घेऊन म्हणाले. जीपमध्ये तिला मागच्या सीटवर आडवी केली तेव्हा ती शुद्धीत होती, मला म्हणाली, दुधाचं पातेलं उतरवायला सांगा कुणालातरी. पुण्यात तिची शुद्ध गेली ती आलीच नाही. बाळही राहिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, कावीळ कशातून झाली ते सांगता येणार नाही. लग्नातलं जेवण असेल, स्टँडवरचा उसाचा रस असेल. सरांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांचं 'आधी बघू' सुटलं नव्हतं. तिच्यासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेच्या आदल्या दिवशी त्यांनी एकट्यानं हौद उपसला. तळाशी कोपऱ्यात चीर गेलेली होती, आणि भिंतीच्या पलीकडून आम्हा सगळ्यांच्या मोऱ्यांचं गटार जात होतं. मी गेले तेव्हा ते त्या ओल्या हौदातच बसलेले होते.

"तो आचारी नव्हता, ताई," ते म्हणाले. "राखणदार होता. मी त्याला दारातूनच परत पाठवला."

मला त्यांचा राग आला होता, कशाला लपवू. एवढं शिकलेला माणूस, जंतू हौदातही शिरू शकतात हे कळू नये? आणि दयाही आली. सुमननं मला सांगितलेलं तेव्हा जिभेवर आलं होतं. ते सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं की क्लोरिन मुळातच निर्दोष होता, फिल्टरनं कधी काही झालंच नव्हतं, आणि ज्या कोळशापायी हे सगळं घडलं तो कोळसा एका बाईच्या मायेपोटी जिंकला होता. मी हात देऊन त्यांना वर काढलं आणि घरी चहाला नेलं.

दुसऱ्या दिवशी बावड्याची, इंदापूरची माणसं पांढरे कपडे घालून आली. वंदना झाली. नानी कुणाशी बोलत नव्हती. आमच्या नळावरून भरलेल्या कळशीतलं पाणी ती आलेल्या प्रत्येकाला स्वतः देत होती. आमच्या सासूबाई तिच्याबरोबर पेले विसळायला बसल्या होत्या.

वर्षभरात सरांनी बारामती सोडली. इंदापूरच्या ज्युनिअर कॉलेजात लागले आणि बावड्यात आईजवळ राहायला गेले. अधूनमधून कुणाकडून तरी कानावर यायचं. ग्रामसेवकाबरोबर ते विहिरींत क्लोरिनची टीसीएल पावडर टाकत फिरतात, पाण्याला एवढा वास येतो की लोक कुरकुरतात, पण सर ऐकत नाहीत. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. नानीनं स्थळं आणली, ती त्यांनी परतवून लावली.

त्यानंतर मला ते एकदाच भेटले. शतक संपत आलं होतं. मी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी इंदापूरला गेले होते आणि संध्याकाळी स्टँडवर बारामतीच्या गाडीची वाट बघत होते. समोरून मान पुढं काढून चालणारा माणूस आला आणि चेहरा ओळखायच्या आधी मी ती चाल ओळखली. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी सासूबाईंची चौकशी केली. त्या गेल्याचं मी सांगितलं. मग आम्ही टपरीच्या बाकड्यावर चहा घेतला. कॉलेजचं, नानीच्या मोतीबिंदूचं, काटेवाडीच्या शाळेचं बोलणं झालं. सुमनचं नाव दोघांनीही काढलं नाही.

बावड्याची गाडी फलाटाला लागली, माणसं चढायला लागली, तरी सर उठेनात. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, एक विचारू? खूप वर्षं विचारायचं होतं. बाकी सगळं माझ्यामुळं झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तिची खाज तेवढी कमी झाली होती ना? तुमच्याशी ती बोलायची."

"हो सर," मी म्हणाले. "खूप कमी झाली होती. मला कितीदा सांगायची."

सरांनी मान हलवली. आता त्यांना बरं वाटेल, असं मला वाटलं. ते चहाचा रिकामा ग्लास दोन्ही हातांत धरून बसले होते. कंडक्टरनं बेल दिली तेव्हा उठले, आणि उठता उठता अगदी हळू म्हणाले, "तीपण असंच सांगायची. विचारल्याबरोबर, लगेच. ज्याला खरंच कमी झालेलं असतं ना ताई, तो जरा आठवून सांगतो."

मी काही बोलायच्या आत ते गाडीत चढले.